कोयता मोडण्याचा अर्थ

मूल दत्तक मागणाऱ्यांच्या घरी गेले की मी सगळ्यात आधी मोरी बघायचे. बैठकीची खोली लोक आवरून ठेवतात, देव्हारा तर लखलखीत असतोच, पण मोरी हटकून विसरतात. तिथे पाय घसरतो का, हौद उघडा आहे का, ॲसिडची बाटली रांगत्या पोराच्या हाताला लागेल अशी ठेवली आहे का, एवढ्यावरून मला घराचा निम्मा अंदाज यायचा. उरलेला निम्मा चहा आणणाऱ्या बाईवरून. चहा देऊन ती तिथेच टेकली, तर या घरात तिला बोलता येतं असं समजायचं. कप ठेवून आत पळाली, की मीही काहीतरी निमित्त काढून तिच्यामागे आत जायचे.

बीडच्या एका शिशुगृहात मी अठ्ठावीस वर्षं सामाजिक कार्यकर्ती होते. कामाचं नाव भारदस्त, काम साधं. कुणी मूल मागायला आलं की त्यांचा अर्ज भरून घ्यायचा, लग्नाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं गोळा करायची, मग त्यांच्या घरी जाऊन बघायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. तो अहवाल दत्तक समितीपुढे जायचा. त्या काळी कॉम्प्युटरवरची देशभराची यादी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. यादी संस्थेचीच असायची आणि समितीत एक डॉक्टर, एक वकील, संस्थेचे सचिव आणि मी. समितीने हो म्हटलं की मूल त्या घरी सांभाळायला द्यायचं आणि मग कोर्टाचा हुकूम आला की ते कायद्याने त्यांचं. म्हणजे कोर्ट, डॉक्टर, वकील सगळे होते, पण प्रत्यक्ष घर पाहिलेली मी एकटीच. त्यामुळे माझ्या चार पानांवर सगळा डोलारा उभा असायचा. मला त्याचा अभिमान होता. अक्षर चांगलं, भाषा नेमकी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वकीलसाहेब म्हणायचे, "बाईंचा अहवाल वाचला की घरी जाऊन आल्यासारखं वाटतं."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एका व्यापाऱ्याने विचारलं, "पसंत नाही पडलं तर परत घेता का?" मी म्हटलं, "तुमच्या आईवडिलांनी दवाखान्यात असं विचारलं होतं का?" ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. घाटनांदूरकडचं एक शिक्षक जोडपं होतं. दत्तक घेतल्याचं गावाला कळू नये म्हणून त्या बाई सहा महिने साडीखाली उशी बांधून फिरल्या. मी परोपरीने समजावलं, की बाई, आमच्याकडे मूल तुमच्या तारखेवर मिळत नाही. शेवटी मूल मिळालं ते आठ महिन्यांचं, खाली दोन दात आलेलं. सासूबाई वस्ताद. त्यांनी शेजारणींना ठणकावून सांगितलं, आमच्या घराण्यात दात घेऊनच जन्मतात. पुढे त्या मुलाला आम्हीच सगळं खरं सांगायला लावलं, आणि तो ते ऐकून उशीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतो, असं त्या बाईंनी मला हसत हसत कळवलं.

असे किस्से मी खूप सांगितले आहेत, सत्कारात, शिबिरांत, लग्नाच्या पंगतीत. एक मात्र आजवर कुणाला सांगितलेला नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी "कामातले अनुभव" लिहा म्हटल्यावर आठवला तो तोच. नावं बदलली आहेत, माझी लाज मात्र आहे तशी ठेवली आहे.

त्या वर्षी दुष्काळ मोठा होता. तसा आमच्याकडे दुष्काळ पाहुण्यासारखा येतच असतो, पण त्या वर्षी तो मुक्कामालाच होता. बिंदुसरेचा तलाव पालीपाशी तळापर्यंत भेगाळला होता आणि पोरं तिथे क्रिकेट खेळत होती. गावोगाव टँकर, आणि जनावरांसाठी छावण्या. ज्याची जनावरं छावणीत, तो माणूसही तिथेच खाटेवर. दूध सोसायट्यांना कुलपं लागली होती, कारण दूध द्यायला गोठ्यात काही उरलंच नव्हतं.

दिवाळीच्या आधी, ऊसतोडीला निघण्यापूर्वी, एक जोडपं संस्थेत आलं होतं. सुभद्रा आणि अंकुश. पालीच्या पुढे आत एका वस्तीवर राहणारं. दर वर्षी बैलगाडी घेऊन सांगलीकडच्या एका कारखान्याला ऊस तोडायला जाणारं. ती तिशीची, तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्यांना एक मुलगी झाली होती, ती दीड वर्षाची असताना उसाच्या फडातच तापाने गेली. त्यानंतर तिच्या पोटात दुखायला लागलं आणि एका दवाखान्यात तिची पिशवी काढली. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कुणालाही समजावून सांगावा लागत नाही, यातच काय ते आलं. हे सगळं तिने मला अर्ज भरताना सरळ सांगितलं, डोळ्याला पदर न लावता.

"मुलगा हवा की मुलगी?" मी अर्जातला रकाना वाचला.

"पोरगीच," ती म्हणाली. "माजी पोरगीच व्हती."

कागद त्यांनी चोख आणले. ओळखीच्या माणसांच्या पत्रांपैकी एक गावातल्या दूध सोसायटीच्या चिटणिसांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, हे दोघे माझ्या समोर वाढलेत, यांना मूल द्यावं. त्या वेळी आमच्याकडे चार महिन्यांची एक मुलगी होती. आमच्याकडे नावं संपली की सांभाळणाऱ्या गयामावशी नक्षत्रांवर यायच्या, म्हणून तिचं नाव स्वाती. हंगाम संपवून ही दोघं चैत्रात परत येईपर्यंत स्वाती रांगायला लागली असती. सचिव म्हणाले, "घरभेट नीट झाली तर स्वातीचा विचार यांच्यासाठी करू." हे मी सुभद्राला सांगायला नको होतं, नियमात बसत नव्हतं. पण "एक मुलगी आहे" एवढं माझ्या तोंडून गेलं.

भेटीला मी वैशाखाच्या अखेरीस गेले. संस्थेची जीप, ड्रायव्हर, आणि त्याला त्याच दुपारी सचिवांना आणायला परत जायचं होतं. दोन पत्र्याच्या खोल्या. मोरी बघायला गेले तर तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता, आठ-दहा दिवसांत कुणी तिथे आंघोळ केली असावी असं दिसत नव्हतं. माझी हुकमी परीक्षा तिथेच फसली. सुभद्राने मला तांब्याभर पाणी दिलं. मी दोन घोट घेऊन ठेवला, तर तिने उरलेलं पाणी परत माठात ओतलं नाही, माझ्यासमोर तसंच ठेवलं, की बाईला परत लागेल. त्या दिवसांत हे काय होतं, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

आतल्या खोलीत आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी आधीच बांधलेली होती.

"हितं ऊन येत न्हाई," ती म्हणाली. "सकाळपासून बघितलंय मी. दुपारचं बी येत न्हाई."

"मालक कुठेत?"

"छावनीत. बैलं तिकडं, मंग मानूस बी तिकडंच. दोन म्हैने झाले."

"घरी येत नाहीत?"

"कसं येतेत? बैलाला कोन बघंल? निरोप धाडलाय, पन गाडी न्हाई भेटली तर काय करतेत."

नियमाप्रमाणे मला दोघांशी बोलायचं होतं, एकत्र आणि वेगवेगळं. छावणी तिथून सात-आठ मैल होती. ऊन मी म्हणत होतं आणि बाहेर ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मी मनात म्हटलं, बाईशी बोलणं झालं म्हणजे झालं. मग मी तो प्रश्न विचारला, जो ऊसतोड कुटुंबांना विचारावाच लागायचा, आणि ज्यावर त्यांची प्रकरणं अडायची.

"मूल आल्यावर कारखान्याला जाताना त्याला कुठे ठेवणार?"

तिने उत्तर तयारच ठेवलं असावं. "न्हाई न्हाई, तिला फडात न्हेयाचीच न्हाई. एक घालवली तेवढी बास झाली. पोरगी आली की आमी कोयता मोडनार."

मी लिहिता लिहिता थांबले. "काय म्हणालात?"

"कोयता मोडनार. ठरलंय आमचं दोघांचं. ह्येंला बी पसंत हाय. ह्ये तिकडं, मी हिकडं, पोरीला घिऊन. मंग सोसायटी चालू झाली की..."

बाहेर हॉर्न वाजला. मी फाईल मिटली.

आता इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. ऊसतोडीत माणसं माणशी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम विचारतो, तुझ्याकडे कोयते किती? म्हणजे जोड्या किती. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. हे मला चांगलं ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे समजावून सांगायची तर मला हौसच होती, "कोयता म्हणजे हत्यार नव्हे बरं का, जोडपं!" आणि मग त्यांचे चेहरे बघायचे.

म्हणून कोयता मोडणार हे ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जोडपं मोडणार. तो तिकडे, मी इकडे. दोन महिने घरी न फिरकलेला नवरा. बाईची पिशवी काढलेली. असं एक प्रकरण मी त्याआधी पाहिलंही होतं. बाईच्या पदरात संस्थेतलं मूल टाकून तिला गप्प बसवायचं आणि आपण दुसरी करायला मोकळं व्हायचं. मला सुभद्राची फार कीव आली. परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरला म्हटलंसुद्धा, "बिचारीला स्वतःलाच कळत नाहीये ती काय कबूल करून बसलीय."

अहवालात मी लिहिलं: "मूल आल्यानंतर पती-पत्नीने वेगळे राहण्याचे ठरविले असल्याचे अर्जदार महिलेने स्वतः सांगितले. पती भेटीच्या वेळी घरी आढळले नाहीत. गेले दोन महिने ते अन्यत्र राहतात." एक शब्द खोटा नाही. छावणीचा उल्लेख मी पुढच्या परिच्छेदात जनावरांखाली केला होता.

समितीत डॉक्टरांनी विचारलं, "वेगळे राहणार, असं तिच्या तोंडून आलं?" मी त्यांना कोयत्याची फोड करून सांगितली. पुराव्यादाखल तिचं वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. डॉक्टर पुण्याकडचे, ते थक्क झाले. वकीलसाहेब म्हणाले, "बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही." अर्ज नामंजूर झाला, पाच मिनिटांत. मला समाधान वाटलं. आपण एका मुलीला मोडत्या घरात जाण्यापासून वाचवलं, असं मला खरोखर वाटलं.

स्वातीसाठी दुसरं घर बघितलं गेलं. एका सहकारी कारखान्याच्या संचालकांचा मुलगा आणि सून. मोठा मळा, राजकारणातलं घर, दारात गाड्या. त्यांच्या घरी मी त्याआधीच जाऊन आले होते आणि तेव्हा म्हातारी सासू माझ्यासमोर म्हणाली होती, "परकं रक्त आन् त्यात पोरगी, आमच्या उंबऱ्यात न्हाई चालायचं." मी ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मग सचिवांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, म्हातारं माणूस आहे. पुन्हा एकदा जाऊन बघा ना." मी गेले, म्हातारीशी दोनदा बोलले, तिचं मन खरंच थोडं वळलं, आणि मी पूरक अहवाल लिहिला. पूरक अहवाल म्हणजे पहिल्यात काही राहिलं, चुकलं किंवा बदललं तर मागाहून जोडायचं पान. समितीने तो मान्य केला. हे लक्षात ठेवा.

नामंजुरीचं पत्र गेल्यावर दहा-बारा दिवसांनी अंकुश संस्थेत आला. दुपारची वेळ. छावणीतून थेट आलेला, धोतराला कडब्याची कुसळं चिकटलेली. ओसरीवर उभा राहून त्याने पत्र पुढे केलं.

"म्याडम, आमचं कावून न्हाई झालं?"

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. मी जरा कडक आवाजात म्हणाले, "तुम्ही दोघांनी वेगळं राहायचं ठरवलंय ना? मग मूल कसं द्यायचं?"

"कोन म्हनलं?"

"तुमच्या मालकीणबाईच म्हणाल्या. कोयता मोडणार म्हणून."

आधी त्याला काही कळेना, मग कळलं. त्याला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं.

"अवो म्याडम, कोयता मोडनार म्हंजी ती तोडीला यायची न्हाई. ती घरी ऱ्हानार पोरीपाशी. मी एकटा जानार, अर्धा कोयता. मुकादमाला मी सांगून आलतो तसं, दिवाळीलाच. ती म्हशी सांभाळनार, सोसायटीला दूध घालनार. चिटनिसाला इचारा, त्येंनी तर पत्रात..." तो थांबला. "आमी कशाला मोडतो वो? आमाला काय झालंय?"

तोडीतल्या माणसांमध्ये हे असं बोलतात. जोडी फुटून एकटा गडी कामाला लागला की कोयता मोडला. ती कामातली जोडी. संसाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. एखादी परगावची बाई माझ्या जागी असती, तर तिने विचारलं असतं, कोयता मोडायचा म्हणजे काय हो? मला विचारावंसं वाटलं नाही, कारण मला येत होतं.

तेव्हाच्या तेव्हा मला सगळं कळलं. शंका राहिली असती तर आज मनाला काहीतरी आधार असता. स्वाती अजून संस्थेतच होती. संचालकांच्या घरी ती जायला चार दिवस बाकी होते. मी आत जाऊन सचिवांना सांगू शकत होते. एक पूरक पान, बस्स.

अंकुशही तेच म्हणाला. "मंग तुमी लिवा की तसं. चुकून झालं म्हना."

मी म्हणाले, "अहवाल एकदा समितीपुढे गेला की बदलता येत नाही."

"बिलकुल न्हाई?"

"नाही. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

त्याने मान हलवली. "तुमी शिकलेल्या. तुमाला ठावं."

मी हे का केलं, याची बरीच उत्तरं मी इतक्या वर्षांत स्वतःला दिली आहेत. संचालकांचं घर, सचिवांचा स्वभाव, संस्थेचं अनुदान. त्यातलं एकही खरं नाही. सचिवांनी मला एका शब्दाने विचारलं नसतं. ते भले गृहस्थ होते. खरं कारण एवढंच, की समितीपुढे जाऊन मला म्हणावं लागलं असतं, बीड जिल्ह्यात जन्म गेला माझा, आणि मला त्या बाईचं मराठी कळलं नाही. डॉक्टरांना इतकं रंगवून सांगितल्यावर! वकीलसाहेब हसले असते. माझं हसं होऊ नये म्हणून मी एका बाईची मुलगी घालवली. हे वाक्य लिहायला मला खूप वर्षं लागली.

निघताना अंकुश खोलीच्या दाराशी थबकला. आत चार-पाच मुलं सतरंजीवर होती. स्वाती दाराच्या आडव्या फळीला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि फळीचं लाकूड चाटत होती.

"ह्यातली कोन व्हती, म्याडम?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणाले. हा नियम मात्र खराच होता.

त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं. स्वातीकडे जरा जास्त वेळ, पण ते ती जवळ होती म्हणून असेल. मग टोपी नीट करत म्हणाला, "तिला काय सांगू आता घरी?"

"सांगा, यादी मोठी आहे."

तो गेला. गयामावशी आतून म्हणाल्या, "कोन वो ते? पानी बी न पिता गेलं." मी म्हटलं, चौकशीला आले होते. चार दिवसांनी स्वाती नव्या फ्रॉकमध्ये संचालकांच्या गाडीतून गेली. ती म्हातारी पुढे तिची इतकी वेडी झाली, की नातीशिवाय जेवत नसे. स्वाती आता कॉलेजात आहे. तिचं चांगलं झालं, याचा मला आनंद आहे. पण त्या आनंदाने सुभद्राचा हिशेब मिटत नाही, हेही मला कळतं. पुढच्या वर्षी त्यांचा अर्ज आला नाही. दसऱ्यानंतर ती दोघं तोडीला गेली, पूर्ण कोयता.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आमच्याकडे प्रतिपालक कुटुंबांचं काम आलं. म्हणजे ज्या मुलांना काही वर्षांपुरतं घर हवं, त्यांच्यासाठी सांभाळणारी कुटुंबं शोधायची. त्यासाठी मी एका सकाळी पालीकडे गेले होते. सोसायटीपाशी दूध घालणाऱ्यांची रांग होती. मी कुणाला तरी पत्ता विचारत होते, तेवढ्यात मागून हाक आली.

"म्याडम! वळखलं का?"

सुभद्रा. अंगाने सुकलेली, कमरेला पट्टा बांधलेला, हातात दुधाची किटली. कंबर गेल्याने तोडीला जाणं तीन वर्षांपूर्वी सुटलं होतं. दोन म्हशी होत्या. म्हणजे झोळी सोडून दोघांनी ठरवलेलं सगळं झालं होतं. तिने मला ओढतच घरी नेलं. अंकुश अंगणात वैरण तोडत होता. मला बघून त्याचा हात थांबला. "या," एवढंच म्हणाला.

या वेळी पाणी होतं, चहाही झाला. ती चहा देऊन माझ्याजवळ बसली. मी आलेच होते त्या कामाला, म्हणून म्हणा, किंवा मनात जे होतं ते कुठूनतरी बाहेर पडावं म्हणून म्हणा, मी बोलले. "सुभद्राबाई, अजून अर्ज करता येतो. मोठी मुलगी, सहा-सात वर्षांची. मी स्वतः लिहीन तुमचं."

ती हसली. "नगं म्याडम. परत कुनी घर बघाया यायचं आन् परत ह्ये गायब व्हायचे."

"म्हणजे?"

"अवो, तवा ह्ये घरी न्हवते म्हनून तर न्हाई झालं ना आपलं. ह्येंनीच सांगितलं मला. साहेब लोक म्हनले, बापच घरी न्हाई तर पोरगी कुनाच्या हवाली करायची. मी म्हनलंतं, एक दिस बैलाला वैरन नसती पडली तर काय मेला असता का बैल? दहा वर्सं झाली, अजून सुनावते मी ह्येंला. बैल बी गेला आन् पोरगी बी गेली." ती हे हसत सांगत होती, पण त्याच्याकडे बघून नाही.

मी अंकुशकडे बघितलं. तो वैरणीकडे बघत होता. मला सगळं समजायला वेळ लागला नाही. तिच्याच तोंडचं एक वाक्य आड आलं, हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. "यादी मोठी आहे" हे माझं खोटंही त्याने वापरलं नव्हतं. यादी मोठी म्हटलं असतं तर ती वाट बघत बसली असती. त्याने दोष आपल्या अंगावर घेतला होता आणि दहा वर्षं तिची बोलणी खाल्ली होती, जी खरी मला बसायला हवी होती.

मी सांगणार होते. खरंच तोंड उघडलं होतं. पण माझी चूक सांगायची तर तिचं वाक्य सांगावं लागणार, आणि ते ऐकल्यावर ही बाई मला शिव्या देणार नाही, स्वतःचीच जीभ चावत बसेल, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

"खरं ना म्याडम?" ती म्हणाली. "ह्ये घरी असते तर झालं असतं ना? तुमीच सांगा ह्येंच्या तोंडावर एकदा."

अंकुशने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू होकारार्थी मान डोलावली.

मी म्हणाले, "हो. ते घरी असते तर झालं असतं."

"ऐकलं का?" ती त्याला म्हणाली.

"ऐकलं," तो म्हणाला.

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. जीपपाशी आल्यावर मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यानेच हात जोडले.

"लई उपकार झाले, म्याडम," तो म्हणाला. "तेवढं तिला कळू देऊ नका."